रिमोट हाती असलेल्या सुनेसाठी नियमावली

रात्रीची जेवणं उरकली की आप्पा, म्हणजे माझे सासरे, फर्मावतात, "काहीतरी चांगलं लाव गं." अटी ठरलेल्या : खून नको, शिव्या नकोत, नातीचे डोळे झाकावे लागू नयेत, थोडं रडू यावं आणि साडेदहाच्या आत संपावं. असा चित्रपट शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी हे नियम.

नियम 1. शोध जेवणाआधी संपवावा. सोफ्यावर सगळे बसल्यावर पोस्टरं सरकवू लागलात, की प्रत्येकावर "हा कोण?" येणार आणि ट्रेलर आपोआप सुरू होऊन नेमका खूनच दाखवणार. (ट्रेलरची ही खोड बऱ्याच अ‍ॅपमध्ये सेटिंगमधून बंद होते. आजच करा.)

नियम 2. 'खास तुमच्यासाठी' या रांगेकडे बघू नये. नातीची कार्टून आणि नवऱ्याच्या कुस्त्या यांची बेरीज करून ती बनवलेली असते.

नियम 3. नट सोडावा, दिग्दर्शकाचा माग काढावा. 'किल्ला' (2014) आवडला ना? त्याचं दिग्दर्शन आणि छायाचित्रण, दोन्ही अविनाश अरुण यांचं. मग त्यांचाच 'थ्री ऑफ अस' लावा. स्मृती हरवत चाललेली बाई बालपण शोधत वेंगुर्ल्याला जाते. 'वळू'ला (2008) हसलात तर उमेश आणि गिरीश कुलकर्णी या जोडीचे 'विहीर' आणि 'देऊळ' आहेतच. आठवडा निघतो. आप्पांना ही पद्धत मान्य नाही. "पण त्यात आहे कोण?" एवढंच ते विचारतात. कुणीही असो, तो पूर्वी कुठल्यातरी मालिकेत वाया गेलेला असतो.

नियम 4. वीस मिनिटांत मन रमलं नाही तर खुशाल बंद करावा. आप्पांना डोळा लागला असेल तर मात्र चालू ठेवावा. आवाज थांबला की त्यांना जाग येते आणि "बघत होतो ना मी!"

नियम 5. संथ चित्रपटाची पूर्वसूचना द्यावी. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (2014) कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो. आप्पा उठले, "नेट अडकलंय" म्हणाले आणि राऊटर बंद करून पुन्हा चालू करून आले. मी वैतागले होते, खरं सांगते. पण बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत, तो प्रसंग आला आणि आप्पा सरसावून बसले. सगळी नोकरी त्यांनी कोर्टात बेलिफ म्हणून काढली. "अस्संच असतं," म्हणाले. मग पुढची तारीख पडली की मांडीवर थाप मारत मोठ्यानं हसायचे. साडेदहा कधी वाजून गेले, कुणी पाहिलं नाही. आजवर मी लावलेल्यातलं त्यांनी न पेंगता पाहिलेलं तेवढंच.

नियम 6. म्हणून चित्रपट बघणाऱ्याच्या पेशावरून निवडावा. अपवाद : ताम्हाणे यांचाच 'द डिसायपल' (2020). त्यात आयुष्यभर रियाज करूनही गाणं हाती लागत नाही. शेजारच्या काकू गाण्याचा क्लास घेतात, म्हणून मी त्यांना मुद्दाम बोलावून तो दाखवला. हल्ली त्या विरजणसुद्धा समोरच्यांकडून नेतात.