पिवळी पिन

माझ्याकडे २४ सप्टेंबर २००७ च्या भारत-पाकिस्तान फायनलची एक फाइल आहे. जोहान्सबर्गची, पहिल्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची. तिचा आकार ४ जीबी, नेमकं सांगायचं तर ४,२९,४९,६७,२९५ बाइट. बायकोचा वाढदिवस मी दोनदा विसरलो आहे, पण हा आकडा कधी विसरलो नाही. त्याच्यापायी मांडवात, गणपतीच्या साक्षीनं, आमच्या अख्ख्या बपेरा गावासमोर माझी जी शोभा झाली, ती आठवली की आजही कान गरम होतात.

सुरुवात मायच्या मालिकेपासून झाली. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. ती पाहुण्यासारखी येते आणि जावयासारखी न सांगता निघून जाते. त्या वर्षांत भारनियमन असं होतं की मायला तेव्हाच्या एकूण एका मालिकेची सुरुवात ठाऊक होती, शेवट एकीचाही नाही. सून घराबाहेर निघाली की लाईन जायची आणि लाईन आली की सून घरात असायची. मधे काय घडलं ते माय शेजारणीशी चर्चा करून ठरवायची. खरं सांगायचं तर त्यांनी ठरवलेलं बरं असायचं.

मी तुमसरला जाऊन एमएस-सीआयटी केलं होतं. घरी पेन्टियम ४ होता, त्यावर लोकांचे अर्ज, लग्नपत्रिका आणि मंडळाच्या पावत्या छापायचो. एवढ्यावर गावानं मला इंजिनीअर मानलं होतं आणि मीही कधी विरोध केला नव्हता. एके दिवशी कुठल्याशा मासिकात वाचलं की टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं की संगणकावर टीव्ही दिसतो, आणि नुसता दिसत नाही, भरूनही ठेवता येतो. मायला म्हटलं, आता तुझी मालिका मी भरून ठेवणार, पाहिजे तेव्हा पाहा.

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लाईन गेल्यावर तुहा कंप्युटर कायच्यावर चालते रे?"

हा प्रश्न तिनं मे महिन्यात विचारला होता. तो मला ऑगस्टमध्ये समजला. मधले तीन महिने मी कार्ड निवडत होतो.

निवडण्याचं हे काम मी अशा गांभीर्यानं केलं की घरच्यांना वाटलं, मी मुलगी पाहतोय. एक्सेलमध्ये अकरा रकान्यांचा तक्ता केला. कार्डांच्या तीन जाती असतात. पहिली जात डब्याची: तो मॉनिटरला जोडायचा आणि संगणक बंद ठेवूनही टीव्ही पाहायचा. दुकानदार हाच आधी पुढे करायचे, कारण गिऱ्हाईक पुन्हा तक्रार घेऊन यायचं नाही. पण चित्र डब्यातून थेट मॉनिटरला जातं, संगणकाला त्याचा वासही लागत नाही, मग तो भरणार काय? हा सापळा मी ओळखला याचा मला फार अभिमान वाटला. (माणूस एका खड्ड्यातून वाचला की पुढचे खड्डे न पाहता चालतो.) दुसरी जात यूएसबीची, बाहेरून लावायची. तिसरी पीसीआय कार्डाची, कॅबिनेट उघडून मदरबोर्डावर बसवायची. इंजिनीअर म्हणवून घ्यायचं तर कॅबिनेट उघडणं भाग होतं.

तिसऱ्या जातीत पुन्हा दोन पोटजाती. टीव्हीचं कच्चं चित्र फार खातं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांची चित्रं सेकंदाला २५ येतात. तशीच साठवली तर तासाला ७० जीबीच्या वर जागा लागते, आणि माझी अख्खी हार्ड डिस्क ४० जीबीची. म्हणून चित्र दाबून, एमपेग करून साठवायचं. महागड्या कार्डांवर हे दाबण्याचं काम करणारी चिप असते, हॉपॉगच्या पीव्हीआर मालिकेची त्यासाठी ख्याती होती. स्वस्त कार्डं चित्र नुसतं आत आणून टाकतात आणि दाबायला प्रोसेसरला बसवतात. धान कापून बांधीतच सोडून द्यायचं आणि मळणी घरच्या म्हाताऱ्यानं करायची, तसं. किमतीत चौपट फरक. मी स्वस्त घ्यायचं ठरवलं आणि वाचलेल्या पैशाचं समर्थन म्हणून तक्त्यात बाराव्या रकान्याची भर घातली: रिमोट आहे का?

बाकी रकाने असे: किती चॅनेल धरतं, एफएम रेडिओ आहे का, स्टिरिओ आहे का, चालू चित्र थांबवता येतं का, वेळ लावून ठेवता येते का. एक कार्ड ९९ चॅनेल धरत होतं, दुसरं १२५. या २६ चॅनेलांच्या फरकावर मी जुलैचे दोन आठवडे घालवले. भाऊ रोवणीच्या चिखलात होता आणि मी ओट्यावर बसून विचार करत होतो की उद्या शंभरावं चॅनेल निघालं तर?

शेवटी एका पहाटे तुमसर रोड स्टेशनवरून नागपूर गाठलं, सीताबर्डीवर तर्री पोहे हाणले आणि दुकानात जाऊन १२५ वालं मागितलं. दुकानातल्या पोऱ्यानं विचारलं, "घरी केबल आहे का अँटेना?"

मी म्हटलं, "डिश आहे. दूरदर्शनची, फुकटवाली."

तो काही बोलणार होता. मी त्याला तक्त्याचा कागद दाखवला. त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं आणि बिल फाडलं.

घरी येऊन कॅबिनेट उघडलं. आत पालीची दोन अंडी आणि एक वर्षाची धूळ होती. कार्ड बसलं, सॉफ्टवेअर चढलं. चॅनेल शोधायचं बटण दाबलं. सगळं घर मागे उभं. एक ते एकशे पंचवीस, एकेक चॅनेल समोरून गेलं आणि सगळ्यांवर मुंग्या. नुसत्या मुंग्या. पुतण्या, तेव्हा आठवीत होता, मागून म्हणाला, "काका, सगरे चॅनेल लागले, पन सगऱ्याइवर एकच पिक्चर आहे."

झालं होतं असं की ट्यूनर म्हणजे हवेतल्या किंवा केबलमधल्या लहरींतून हवं ते चॅनेल वेचणारं यंत्र. आमच्याकडे केबल नव्हती. अँटेना होता, पण डीडी डायरेक्ट प्लसची डिश आल्यावर तो छपरावरून उतरून परसात गेला होता आणि त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला होता. डिशला जोडलेला सेट टॉप बॉक्स चॅनेल वेचायचं काम आधीच करत होता. त्याच्यातून टीव्हीकडे येत होती फक्त एक पिवळी पिन चित्राची आणि दोन पिना आवाजाच्या. माझ्या कार्डाला पिवळ्या पिनेचं एक भोक मागच्या बाजूला होतं. त्यात पिन घातली की काम भागत होतं. म्हणजे तीन महिने, बारा रकाने आणि सव्वाशे चॅनेल खर्चून मी जे कार्ड आणलं, त्यातल्या ट्यूनरला आमच्या घरी कामच नव्हतं. त्या एका भोकाचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

पिन घातली. चित्र आलं, पण काळंपांढरं आणि वर सरकणारं. मायनं विचारलं, आपला टीव्ही तर रंगीत होता ना? सॉफ्टवेअर अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीवर बसलं होतं. ते पालवर आणायला एक दिवस गेला, कारण मधे लाईन गेली. आवाज आणायला दुसरा दिवस गेला, कारण आवाजाची वायर कार्डातून साउंड कार्डात वेगळी न्यावी लागते हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, चिनी मजकुराच्या खाली होतं. पहिला प्रयोग चाळीस मिनिटांचा झाला आणि लाईन गेली. दुसरा पंचवीस मिनिटांचा. यूपीएस दहा मिनिटं धीर द्यायचा, तेवढ्यात फाइल बंद करून राम म्हणायचं. मायचा मे महिन्यातला प्रश्न मला समजला तो याच दिवसांत. मालिका चालू असताना लाईन नसेल तर मायला मालिका दिसत नव्हती, आणि ती संगणकालाही दिसत नव्हती.

पण एकदा इंजिनीअर झालेला माणूस परत खाली उतरत नाही. त्या साली गणपती १५ सप्टेंबरला बसले होते आणि अनंत चतुर्दशी २५ ला होती. फायनल आदल्या दिवशी, सोमवारी. महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही द्यायचे असा कायदा त्याच वर्षी झाला होता, त्यामुळे फुकटच्या डिशवर फायनल दिसणार होती. मंडळाकडे रोषणाईसाठी जनरेटर होता. मी सभेत जाहीर केलं: जनरेटरची एक वायर माझ्या घरी द्या, मी पूर्ण मॅच भरतो आणि विसर्जनाच्या दिवशी सकाळी मांडवात दाखवतो. टाळ्या पडल्या. आबाजी, म्हणजे माझे चुलत आजोबा, म्हणाले, "मंग मी निवांत बांधीवर जातो बापा. मोटरीची लाईन रातच्यालेच येते. पानी नाही देल्लं तं धान वारते. मी उद्या पायीन."

या वाक्यावर त्यांनी धान वाचवलं. मी मात्र बुडालो.

सोमवारी संध्याकाळी अंगणात पन्नास-साठ माणसं, मॉनिटर पंधरा इंची. पिवळी पिन संगणकात असल्यामुळे टीव्ही रिकामा. प्रोसेसर एका हातानं चित्र दाखवत होता आणि दुसऱ्या हातानं दाबत होता, त्यामुळे बॅट्समन फटका मारायचा तो हिसक्यांनी, आणि चेंडू सीमेपार गेल्यावर बॅटचा आवाज यायचा. लोकांनी सहन केलं. गंभीरनं ७५ केले, भारताचे १५७ झाले. पाकिस्तानची बॅटिंग सुरू झाली, विकेटा पडत गेल्या, मिसबाह उभा राहिला. शेवटच्या षटकात १३ हवे. चेंडू जोगिंदर शर्माच्या हातात. नेमकं तेव्हा मॉनिटरवरचं चित्र अडकलं आणि पुतण्यानं कुणाला न विचारता पिवळी पिन उपटून टीव्हीत घातली.

शेवटची विकेट गावानं एकवीस इंची टीव्हीवर पाहिली. मिसबाहनं चेंडू मागे उचलला, श्रीशांतनं झेलला, पाच धावांनी जिंकलो. फटाके फुटले. मी एकटा त्या आनंदात नव्हतो. मी पुतण्याला, सगळ्यांदेखत, वर्ल्ड कप जिंकल्याच्या क्षणी, जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ऐतिहासिक षटक गेलं, माझी तीन महिन्यांची मेहनत गेली, गावाचा ठेवा गेला, असं काहीसं. पोरगा रडत झोपला. माय म्हणाली, जिंकले ना, मंग? मी जेवलो नाही.

सकाळी मांडवात संगणक नेला. आबाजींना पुढच्या खुर्चीत बसवलं. ते रात्रभर पाणी देऊन आले होते, डोळे लाल, पण एक चेंडू चुकवायचा नाही म्हणून तोंड धुऊन आलेले. मी प्रास्ताविक केलं: मॅच संपूर्ण आहे, फक्त शेवटचं षटक एका मुलाच्या आगाऊपणामुळे नाही. पुतण्या खांबामागे उभा होता.

भारताची बॅटिंग झाली. आबाजी गंभीरच्या चौकारांवर मांडी थोपटत होते. मध्यंतर झालं. जाहिराती लागल्या. एका जाहिरातीतली बाई काहीतरी सांगायला तोंड उघडती झाली आणि तशीच, तोंड उघडं ठेवून, थांबली.

मी माउस हलवला. मग फाइलचा आकार पाहिला. ४ जीबीला एक बाइट कमी. डी ड्राइव्ह मी विंडोज ९८ च्या जमान्यात स्वतःच्या हातांनी फॅट ३२ पद्धतीचा केला होता, आणि त्या पद्धतीत एक फाइल यापेक्षा मोठी होऊच शकत नाही. डीव्हीडीच्या दर्जानं भरलं तर दीड तासात एवढी जागा भरते. ती मध्यंतरातच भरली होती. पाकिस्तानचा एकही चेंडू फाइलमध्ये नव्हता. एनटीएफएस केलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण चाळीस मिनिटांपुढे कुठलाच प्रयोग गेला नव्हता, कारण लाईन. पुतण्यानं पिन उपटली तेव्हा त्या पिनेतून येणारं चित्र दोनेक तासांपासून कुठेच साठत नव्हतं.

हे सगळं मी माइकवर सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं की तांत्रिक अडचण आली आहे. खांबामागून मात्र आवाज आला, "काका, पिन तं मी लय बादमधी काढली होती ना?"

मांडव हसायला लागला. पहिल्यांदा पोरं, मग बायका, मग अध्यक्षसुद्धा. आबाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "मंग मिसबाह आऊट कसा झाला ते सांग ना कोनी."

पुतण्याच पुढे आला. त्यानं दुसऱ्या पोराच्या हातात मांडवाचा बांबू दिला, तो मिसबाह. आरतीच्या ताटातला एक पेढा झाला चेंडू. आमच्याकडे दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं पाहून मोठी झालेली पोरं, त्यांना स्टेज लागत नाही. पहिला चेंडू वाइड, पेढा अध्यक्षांच्या टोपीवर. दुसरा डॉट. तिसऱ्यावर षटकार, पेढा परस्पर खाल्ला गेला, दुसरा घेतला. आणि चौथ्यावर मिसबाहनं गुडघा टेकून बांबू मागे फिरवला, मागे श्रीशांत झालेल्या पोरानं पेढा तोंडात झेलला, आणि मांडव रात्रीपेक्षा जोरात ओरडला. मायसुद्धा.

आबाजी उठून उभे राहिले होते. डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबू, हे भरून घेतलंस ना रे?"