पाचवा बॉलर

गोवंडीत टाकाऊ असं काही नसतं. मुंबईने देवनारच्या डम्पिंगवर फेकलेल्यातून तांबं वेगळं, पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळं करणारे हात इथलेच. तेव्हा आमच्या मॅनेजरांनी बॉलर निवडायला घेतले तेही याच पद्धतीने.

मॅनेजर बँकेतले नव्हेत. टेनिस बॉलच्या नाइट टुर्नामेंटला उतरणाऱ्या आमच्या टीमचे. मी स्कोअरर. मॅच दहा ओव्हरची, एकाला दोनच ओव्हर, म्हणजे बॉलर लागतात पाच. चार गल्लीतले. पाचवा दर रविवारी नवा, कारण कुणाची नाइट शिफ्ट असते, कुणाचं साखरपुड्याला जाणं.

"मानखुर्दचा तो यॉर्करवाला आणू या ना," मी एकदा म्हणालो.

"किती घेतो?"

"तीन हजार."

"दोन ओव्हरला देतो किती?"

"चौदा."

"माझा फुकट्या वीस देतो. म्हणजे सहा रन वाचवायला तीन हजार. पाचशेला एक रन! भाऊ, एवढ्यात माझी अख्खी टीम जेवते."

असा फुकट्या त्यांना मिळतो कुठे? रस्त्यावर. माणूस काय फेकतो याकडे मॅनेजरांचं लक्ष नसतं, कसा फेकतो याकडे असतं. टेम्पोवर भंगाराच्या गोणी टाकणारा, लोकलच्या दारातून केळ्याची साल भिरकावणारा, दुसऱ्या मजल्यावर चावी पोचवणारा, सगळे त्यांचे उमेदवार. बैंगनवाडीत एकदा भर भांडणात कुणी चप्पल फेकली. लोक सोडवायला धावले, मॅनेजर म्हणाले, "लेंथ बघितलीस?"

मुलुंडच्या प्रवीण तांबेंचं नाव निघालं की मात्र त्यांचा आवाज पडतो. 2013 साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, एकही रणजी सामना खेळला नसताना राजस्थान रॉयल्सने त्यांना घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक केली. "इतकी वर्षं माणूस मुलुंडला होता," मॅनेजर कपाळावर हात मारतात. "कुर्ल्याला गाडी बदलली की मुलुंड. आणि मला दिसला नाही!"

टाटा इन्स्टिट्यूटच्या एका विद्यार्थ्याने चहाच्या टपरीवर त्यांना बेसबॉल समजावला. अमेरिकेत एका संघाचे सीझनला 162 सामने. सुरुवात करून देणारे पिचर, म्हणजे त्यांचे बॉलर, पाच, आळीपाळीने येणारे. त्यातल्या पाचव्याची जागा कायम रिकामी होणारी. मोठे संघ पैसा ओततात. 2002 साली ओकलंड संघाचा जनरल मॅनेजर बिली बीन याच्याकडे तो नव्हता, म्हणून त्याने इतरांनी नाकारलेले गोळा केले. त्याच्या चॅड ब्रॅडफर्डचा हात पिचिंग करताना जवळजवळ जमिनीला घासायचा. दिसायला बेंगरूळ, म्हणून स्वस्त. त्या वर्षी हा संघ ओळीने वीस सामने जिंकला.

मॅनेजरांनी कटिंग संपवली. "म्हणजे तिकडेही भंगारवालाच हुशार."

त्यांचा एकच घोर: माल चांगला निघण्याचा. परवा गोणीवाला पोरगा उतरवला. पहिल्या बॉलवर दांडी. दुसऱ्यावर कॅच. मैदान नाचायला लागलं, मॅनेजर खाली बसले. टेनिस बॉलला पायचीत नसतंच, पण तिसऱ्या बॉलला पोराने मधला स्टंपच झोपवला. हॅटट्रिक! समोरच्या टीमचा मालक त्याच क्षणी पोराच्या खांद्यावर हात ठेवायला निघाला.

मॅनेजर माझ्या कानाशी आले. "भाऊ, एक रनआउट लिही."

"बोल्ड झालाय, मॅनेजर!"

"वीस देणारा होता रे तो," ते अगदी काकुळतीला आले. "तुझ्या वहीनेच त्याचा भाव वाढणार."

मी तीन विकेट लिहिल्या. मॅच जिंकलो, चषकाबरोबरच्या फोटोत मॅनेजर तेराव्याला आल्यासारखे उभे आहेत. पोरगा पुढच्या रविवारी हजार रुपयांवर दुसऱ्यांकडून खेळला. मॅनेजरांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "स्टेशन रोडला ये, लगेच. पेपरवाला पहिल्या मजल्यावर पेपर टाकतोय. डावखुरा आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "येताना वही आणू नकोस."