सव्वानवाचा वाटा

हॅम्बुर्ग,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ती. आई आणि ती. बाबा,


नारळी पौर्णिमेचे फोटो पोहोचले. बोटीला नवा रंग चढलेला दिसतोय, म्हणजे जून-जुलैच्या बंदीत बाबांनी नुसते पत्ते पिसले हा आईचा आरोप तितकासा खरा नाही. सोनेरी कागदातला नारळ धाकटीला फार आवडला. एवढा सजवून तो पाण्यात का सोडतात, हे मात्र तिला पटेना. पाण्यात काही टाकलं की दंड होतो, असं तिला शाळेत शिकवलंय.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "चार माणसांचं घर, तिकडची महागाई, आणि वर आम्हाला मे महिन्यात बोलावतोस. पैसे उरतात कुठून?" फोनवर सांगायला बसलो असतो तर तू मध्येच "गिऱ्हाईक आलंय, ठेव" म्हणाली असतीस. म्हणून हे पत्र. धाकट्याच्या पोरीकडून वाचून घे, आणि धाकट्यालाही शेजारी बसव. लिंकिंग रोडला तीनशेचा शर्ट पाचशेला आणणारा माणूस आहे तो.

सुरुवात युरोच्या भावापासून. त्यानं शंभरी ओलांडली म्हणून इथले आपले लोक हळहळतात. माझी उलट सोय झाली. युरो ब्याऐंशी-नव्वदच्या घरात होता तेव्हा दुकानात उभं राहून तोंडी गुणाकार करताना मागे रांग लागायची. आता दोन शून्यं चढवली की झालं. कोथिंबिरीची जुडी सव्वाशे रुपये. केस कापायचे अडीच हजार, म्हणून आमच्या थोरल्याचे केस मीच कापतो. त्याच्या शाळेच्या फोटोवर तू काही बोलली नाहीस, हे माझ्या लक्षात आलंय. तुझी सून म्हणते, हे गुणणं थांबवा नाहीतर एक दिवस आपण उपाशी मरू. गुणल्याशिवाय माणसाचा हात आखडत नाही, हे तिला समजत नाही. ती पार्ल्याची.

आज रविवार. या देशात रविवारी दुकानं बंद, तसा कायदाच आहे. पण आल्टोना भागात एल्बे नदीच्या काठी मासळीबाजार भरतो, आणि तो १७०३ सालापासून रविवारीच भरतो. मासळी काही सोमवारची वाट बघत थांबत नाही, तेव्हा चर्चची वेळ व्हायच्या आत विका आणि निघा, अशी परवानगी मिळाली होती. आजही उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू, साडेनऊला बंद. शेजारी १८९६ची लिलावाची जुनी इमारत आहे, लोखंड आणि काचेची. आता तिथे लिलाव होत नाही, बँड वाजतो आणि लोक सकाळी सहाला बिअर पितात. बाबा, तुम्ही आलात की तिथे आपण फक्त बाहेरून बघू.

आई, तुला मात्र तिथे आतपर्यंत न्यायचंय. एकेक विक्रेता गाडीच्या फळीवर उभा राहून असा ओरडतो की आपल्या दांड्याच्या मासळीबाजारातल्या बायका त्याच्यापुढे कुजबुजतात असं वाटावं. हातात पिशवी. तिच्यात धुरी दिलेला वामाचा तुकडा टाकला, मग बांगडा, मग रावसासारखा दिसणारा लाल मासा. "वीस युरो!" कुणी हलत नाही. आणखी एक बांगडा. "पंधरा!" लोक हसतात. आणखी काहीतरी टाकतो, पिशवी डोक्यावर धरतो, "दहा!" आणि मग माझा हात वर जातो. हा हात सव्वानऊच्या आत वर न्यायचा नाही, हे माझं बचतीचं पहिलं सूत्र. सात वाजता येणारे पर्यटक, आठला येणारे हौशी, सव्वानऊला येणारे आम्ही. साडेनवाची घंटा त्याच्याही डोक्यात वाजत असते आणि माल परत न्यायला त्याच्याही जिवावर येतं.

तू आता काय म्हणणार ते मला इथे ऐकू येतंय. ऊन टळल्यावर येऊन "मावशी, शेवटचा वाटा आहे, अर्ध्यात द्या ना" म्हणणाऱ्या बंगल्यातल्या बाईला तू काय काय बोलायचीस, ते मी लहानपणी तुझ्या शेजारी बसून ऐकलंय. तर ती बाई आता मी आहे. एक फरक: इथे माशाचे कल्ले उचकून बघू देत नाहीत. मी एकदा बोट पुढे केलं तर फळीवरच्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते बोट तसंच वर नेऊन चष्मा सारखा केला.

बाजारातून परत येताना बोटीनं यायचं. हे सूत्र दुसरं, आणि ते धाकट्यानं लिहून घ्यावं. हॅम्बुर्गच्या बंदराची तासाभराची सफर करवणाऱ्या बोटी माणशी वीस युरोहून जास्त घेतात. पण बेस्टची बस असते तशी इथे नदीवर ६२ नंबरची सरकारी फेरीबोट आहे. लांडुंग्सब्रुकन धक्क्यावरून निघते, फिंकनवेर्डरला जाते. तीच नदी, त्याच क्रेन, तीच कंटेनरची जहाजं, वर गच्चीवर बसायला जागा. हिला महिन्याचा पास चालतो. हा पास एक भारी प्रकार आहे. देशभरातल्या लोकल, बस, ट्राम, साध्या गाड्या, सगळं त्यात. २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झाला, २०२५च्या जानेवारीपासून ५८ झाला. शाळकरी पोरांना हॅम्बुर्गात २०२४पासून तो फुकट. त्यामुळे पाहुणे आले की मी त्यांना ६२ नंबरमध्ये बसवतो आणि क्रेनकडे बोट दाखवत इतिहास सांगतो. तुमच्यासाठीही महिन्याचे दोन पास काढणार आहे. बाबांनी फक्त बोट लागताना नाखवाला सूचना द्यायच्या नाहीत.

घरातल्या बचतीत फार काही सांगण्यासारखं नाही. टीव्ही विकून टाकला, पण टीव्ही-रेडिओची सरकारी पट्टी १८ युरो ३६ सेंट दर महिन्याला घरटी द्यावीच लागते, टीव्ही असो वा नसो. विकल्यावर हे कळलं असं तुझी सून सगळ्यांना सांगते. मला आधीच माहीत होतं, तत्त्वाचा प्रश्न होता. पाण्याच्या नि थंड पेयांच्या बाटल्यांवर पंचवीस सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळते. म्हणजे बाटलीमागे पंचवीस रुपये! मी बागेतल्या बाटल्या गोळा करायला लागलो होतो. सूनबाईनं एक दिवस हात धरून थांबवलं. कचरापेटीशेजारी लोक मुद्दाम बाटल्या उभ्या ठेवतात, त्या पेन्शन न पुरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी असतात, आणि त्यांची ठरलेली फेरी असते. तेव्हापासून आमच्याही बाटल्या आम्ही तिथेच ठेवतो. या खात्यात मी तोट्यात आहे, पण तक्रार नाही.

भिशी मात्र जोरात. इथल्या काही मराठी घरांना जमवून सुरू केली. त्यातल्या एका बँकेतल्या साहेबांनी विचारलं, व्याज किती? मी म्हटलं, साहेब, व्याज नाही, लाज आहे. महिन्याचा हप्ता चुकला तर रविवारी तोंड कुठे दाखवाल? दांड्याच्या बायकांनी या लाजेवर सोन्याच्या पाटल्या केल्यात, हे साहेबांना समजावून सांगायला अर्धा तास लागला.

आता सुट्ट्या. आपल्याकडे सुट्टी म्हणजे चैत्रातली एकवीरा. अख्खी भावकी, स्टोव्ह, टोप, चटया, आणि कार्ल्याच्या पायऱ्या चढताना "पाणी कुणाकडे आहे?" ही आरोळी. येताना लोणावळ्याला चिक्की. खर्च भावकीत वाटलेला. इथे सुट्टी हा अभ्यासाचा विषय आहे. शाळा असताना पोरांना फिरायला नेलं तर दंड होतो. बव्हेरियात तर सुट्टीच्या आदल्या दिवशी विमानतळावर पोलीस शाळकरी पोरं हुडकतात. त्यामुळे सगळे पालक एकाच वेळी निघतात आणि विमानकंपन्या त्यांची वाट बघत बसतात. यंदा गणपती सुट्टीत येतात हे तू तीनदा ऐकवलंस. हॅम्बुर्गची शाळा ४ सप्टेंबरला उघडते, मलाही माहीत आहे. पण ऑगस्टमधली चौघांची तिकिटं म्हणजे तुम्हा दोघांची मे महिन्यातली तिकिटं, व्हिसा, विमा आणि वर तुला एक गरम कोट. गौरीच्या नैवेद्याचा फोटो पाठव.

म्हणून यंदा आम्ही कुक्सहाफनला गेलो. उत्तर समुद्राच्या काठी, पासातल्या गाडीनं दोनेक तास. राहायला यूथ होस्टेल. ही कल्पनाच या देशातली, १९०९ साली एका शाळामास्तरांना सुचलेली. मास्तर माणूस, त्यामुळे नियम भरपूर: चादर स्वतः घाला, ताट स्वतः उचला. सूनबाई म्हणाली, मग सुट्टी कसली? मी म्हटलं, एकवीरेला तू टोप घासलेस का?

बाबा, तिथे किनाऱ्यावर जायला पाहुण्यांना पैसे पडतात. समुद्र बघायला! दांड्याला हा नियम लावला तर कार्टर रोडवर फिरायला येणाऱ्यांच्या जिवावर आपली नवी बोट होईल. पण ओहोटी बघितली आणि पैसे वसूल झाले. पाणी मागे जातं ते नजरेआड जातं, मैलोगणती नुसता चिखल, आणि लोक त्यातून अनवाणी चालत नॉयवेर्क नावाच्या बेटावर जातात, दहा किलोमीटर. येताना घोडागाडी. ते बेट आहे दुसऱ्या राज्याच्या दारात, पण कारभार हॅम्बुर्गचा. तुमचं ते तिथीच्या पाऊणपटीचं गणित, चतुर्थीला तीनची भरती, तिथे चालत नाही. प्रत्येक बंदराची वेळ निराळी. भरतीचं वेळापत्रक होस्टेलच्या दारावर चिकटवलेलं असतं आणि लोक पंचांगासारखं ते पाहूनच बाहेर पडतात. आम्ही बेटापर्यंत गेलो नाही, धाकटीला वाटेत खेकडे सापडले.

बंदरावर कोळंबी घेतली. बारीक, आपल्या करंदीएवढी, राखाडी. बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडतात. सोललेली घ्यायला गेलो तर भाव ऐकून मी दोन शून्यं लावायचंही विसरलो. का म्हणून विचारलं, तर ही कोळंबी पकडली जाते इथे, सोलायला ट्रकमधून जाते मोरोक्कोला, कारण तिकडे मजुरी स्वस्त, आणि सोलून पुन्हा इथेच विकायला येते. आमच्यापेक्षा तिचाच प्रवास मोठा. मी न सोललेली किलोभर घेतली. बाकावर वर्तमानपत्र पसरून तुझी सून बसली. डोकं एका हातात, शेपूट दुसऱ्या हातात, मध्ये हलका पीळ, की साल निघून हातात. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी बघत होती. पूर्वी या गावांतल्या बायका घरोघरी हेच करायच्या. ती उठली, शेजारी येऊन बसली, न विचारता मूठभर कोळंबी ओढून घेतली आणि सुरू झाली. एकही शब्द नाही. पाच मिनिटांनी दोन ढीग. आई, म्हातारीचा मोठा होता, पण तुझी सून पार्ल्याची असूनही तिनं लाज राखली. म्हातारीनं डोकी कचऱ्यात टाकायला उचलली तेव्हा सूनबाईनं तिचं मनगट धरलं. त्या डोक्यांचं सार होस्टेलच्या स्वयंपाकघरात झालं. खोबरं नव्हतं, तरी झालं.

शेवटी मुद्द्याचं. येताना काय आणायचं? पेढे, तूप, खवा, काही नाही. दुधाचं काहीही या देशात आणता येत नाही. मटणाचं तर नावच नको. पण सुकी मासळी चालते. नियमात तसं लिहिलंय. बोंबील आणा, पण बेतानं, एक पाकीट. कारण सांगतो. पहिल्या हिवाळ्यात खिडक्या बंद करून आम्ही बोंबील भाजले. अर्ध्या तासात इमारतीचा रखवालदार टॉर्च घेऊन दारात. खालच्यांनी कळवलं होतं की गटार फुटलंय. त्यानं सिंकखाली पाहिलं, तळघरातली झाकणं उघडली, प्लंबरला फोन लावायला निघाला. प्लंबरची फी आठवून मी त्याला खरं सांगितलं. त्यानं तव्यात डोकावलं, एक तुकडा मागितला, मग दुसरा, आणि जाताना तिसरा कागदात बांधून घेतला. तेव्हापासून आम्ही बोंबील शनिवारी दुपारीच भाजतो. खालचे त्या वेळी शहराबाहेरच्या त्यांच्या बागेच्या तुकड्यावर टोमॅटोंना पाणी घालायला गेलेले असतात.

व्हिसाची फी माणशी ९० युरो, नव्वद दिवस राहता येतं, विमा मी इथून काढतो. हमीपत्राचे कागद पुढच्या महिन्यात पाठवीन. बाबांनी पासपोर्ट कपाटातून काढून तारीख बघून ठेवावी.

आपला,
थोरला

ता. क. आई, मी तुमची सून. पत्र टाकायला दिलं म्हणून वाचलं. केस कापण्याबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही फोटो बघितलाच आहे. यांनी एक पाकीट लिहिलंय ते विसरा. सुक्या मासळीचा नियम मी नीट वाचलाय, माणशी वीस किलो आहे, आणि तुम्ही दोघं येताय. बाबांच्या बॅगेत दोन शर्टांशिवाय तसंही काय असतं?