श्रीमंत ग्राफिक्स कार्डसाहेबांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री एनव्हिडिया आरटीएक्स ५०९० साहेब यांसी,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण जानेवारी २०२५ मध्ये अवतरलात, तेही २ लाख १४ हजार रुपये ही जाहीर किंमत कपाळी लावून. फूटभर लांबी, ३२ जीबी मेमरी आणि ५७५ वॅटची भूक. आपली प्रतिष्ठापना करायची तर कॅबिनेटमध्ये आधी हजार वॅटचा पॉवर सप्लाय बसवावा लागतो, म्हणजे देवाच्या आधी मखराचाच खर्च. रोज तीन तास आपल्याला पूर्ण ताकदीने राबवलं, तर महिन्याला पन्नासएक युनिट वीज एकटे आपणच फस्त कराल. आपल्या सामर्थ्यावर शंका घ्यायची आमची छाती नाही. प्रश्न इतकाच, की ते सामर्थ्य आमच्या टेबलापर्यंत पोचतं का?

आमच्या टेबलावर काय असतं, हे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या मासिक सर्वेक्षणात दिसतं. तिथे वर्षानुवर्षं पहिला नंबर १०८०पी स्क्रीनचाच आहे. या स्क्रीनवर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, तर ४के स्क्रीनवर त्याच्या चौपट. आपण घडलात त्या चौपट कामासाठी. १०८०पीवर आपलं काम चुटकीसरशी उरकतं आणि पुढची फ्रेम प्रोसेसर तयार करीपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसता. व्हॅलोरंटसारखा गेम तर इंटेलच्या जुन्या एचडी ४००० या अंगभूत ग्राफिक्सवरही चालावा, अशाच बेताने बांधलेला आहे. त्याच्यासाठी आपल्याला पाचारण करणं म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला ट्रक काढणं. ‘पण फ्रेम जास्त मिळतात ना!’ मिळतात. मात्र हिशेब असा आहे: सेकंदाला ३० वरून ६० फ्रेमवर गेलं, की दोन फ्रेममधलं अंतर जवळजवळ १७ मिलिसेकंदांनी घटतं, ६० वरून १२० वर गेलं, की ८ ने, आणि १२० वरून २४० वर गेलं, की जेमतेम ४ ने. दर पायरीला फायदा निम्मा होत जातो, आणि किंमत मात्र चढतच राहते.

आता आपल्या घराण्याकडे वळू. आपले थोरले बंधू ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये १,५९९ डॉलरना आले, आपण १,९९९ ना. किंमत २५ टक्क्यांनी वाढली, विजेची भूक ४५० वॅटवरून सुमारे २८ टक्क्यांनी, गाभ्यातले कोअर ३३ टक्क्यांनी. आणि ४के चाचण्यांमध्ये वेगही साधारण याच प्रमाणात वाढलेला दिसला. याला प्रगती म्हणायचं की मोठी पाटी? किलोचा भाव तोच, फक्त आपण सव्वा किलो तोलून दिलंत. उरलेली कसर फ्रेम जनरेशनने, म्हणजे एआयकडून जादा फ्रेम रचून घेऊन, भरून काढली. आपले कर्तेधर्ते जेन्सन हुआंग यांनी आपल्या घोषणेच्याच व्यासपीठावरून ५४९ डॉलरचं आपलं धाकटं भावंड ५०७० हे ४०९० ची बरोबरी करील असं सांगितलं. त्या बरोबरीचा आधार म्हणजे हीच एआयची करामत. तीत तेव्हा एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने रचल्या जात. लिटरभर दुधात तीन लिटर पाणी घातलं, की चरवी भरलेली दिसते खरी. चित्र गुळगुळीत होतं, हेही खरं. पण माउसची क्लिक खऱ्या फ्रेमलाच कळते. मुळात ३० फ्रेमचा गेम १२० चा दिसला, तरी हाताला तो जडच लागतो.

आपले भक्त दोन मुद्दे हमखास काढतात. पहिला, ‘एकदाच घ्या, दहा वर्षं बघायला नको.’ पण ५०७० ची इथली जाहीर किंमत २०२५ मध्ये ५९ हजार होती. आपल्या एकट्याच्या जाहीर किमतीत तशी साडेतीन कार्डं आली असती. आज एक घेतलं आणि चार वर्षांनी त्या वेळचं मधल्या फळीतलं आणखी एक घेतलं, तरी निम्म्याच्या आसपास रक्कम गाठीला राहील. दुसरा मुद्दा, ‘नव्या गेमना रे ट्रेसिंग सक्तीचं झालंय.’ काही गेमपुरतं हे खरं आहे, आणि ते खेळायचे असून ज्यांच्याकडे अजून जुनं जीटीएक्स कार्ड आहे त्यांनी ते बदलावंच. पण डिसेंबर २०२४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ने ही सक्ती केली, तेव्हा किमान अट म्हणून सांगितलं ते २०१९ चं आरटीएक्स २०६० सुपर. सक्ती रे ट्रेसिंगची आहे, आपली नाही. ज्यांच्याकडे २४० हर्ट्झचा ४के मॉनिटर आहे, किंवा ज्यांचं पोट ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर वा एआयच्या कामावर चालतं, त्यांनी आपल्याला खुशाल घरी न्यावं. तिथे आपले पैसे वसूल होतील.

बाकीच्यांसाठी एक फुकटची परीक्षा आहे, आपल्याला कदाचित रुचणार नाही. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्युशन एक पायरी खाली आणून पाहावं. फ्रेम वाढल्या, तर दोष कार्डाचा. वाढल्या नाहीत, तर कार्ड निर्दोष आहे. पैसे खर्चायचेच असतील, तर प्रोसेसरकडे पाहावं.

कळावे, लोभ असावा. पण मॉनिटरच्या मापाचा.

आपला आज्ञाधारक,
एक १०८०पीवाला