थोडं फिनिशिंग बाकी आहे

मुळशी, वेल्हे नाहीतर ताम्हिणीच्या अलीकडे डोंगरउतारावर ज्यांचं स्वतःचं घर ‘होत आलंय’, असे एक गृहस्थ प्रत्येक पुणेकराच्या ओळखीत असतात. नोकरी बँकेत किंवा आयटीत होऊन गेलेली, पायात फ्लोटर्स, खिशात मेजरिंग टेप आणि मोबाइलमध्ये बिजागऱ्यांचे फोटो. नातवाचे फोटोही असतात, पण ते शोधावे लागतात. सातबाऱ्यावर ज्या जमिनीला वरकस म्हणतात तिला हे ‘आमचं जंगल’ म्हणतात. जोतं, भिंती, वासे, कौलं हे सगळं पहिल्या वर्षात उभं राहिलं. त्यानंतर चार वर्षं ‘थोडं फिनिशिंग बाकी आहे’. वास्तुशांत पावसाळ्यामुळे पितृपक्षापलीकडे गेली, मग दिवाळीपलीकडे, आणि आता सौभाग्यवतींनी तो विषय काढणंच सोडून दिलंय. लोक म्हणतात, माणूस चिकित्सक आहे, त्याला काही पसंतच पडत नाही. मला हे निदान चुकीचं वाटतं. चिकित्सक माणसाची घरंही पुरी होतात. यांचं होत नाही, कारण घराचा शेवटचा हात ते पाहुण्यांच्या नजरेने फिरवतात, आणि रानात घर पाहायला पहिला पाहुणा येतो तो पाऊस.

दारावरची कडीच घ्या. ती जुन्या बाजारातून आणलेली, भक्कम पितळी, चिंचेने घासून लख्ख केलेली. ती बसवायला लागणारे स्क्रूही पितळीच हवेत, कारण ओल्या लाकडातला लोखंडी स्क्रू पहिल्याच पावसात काळा ओघळ सोडतो. इथवर गृहस्थांचं म्हणणं बिनतोड आहे. पण पुढे स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा सगळ्या उभ्या, एका ओळीत आल्या पाहिजेत असा त्यांचा हुकूम असतो. एक स्क्रू पाव फेरा जास्त फिरला तर तो सैल ठेवायचा की आवळायचा, यावर सुतार आणि मालक यांची अर्धा तास बोलणी चालतात. दरम्यान त्याच दाराच्या वर काँक्रीटचा छज्जा आहे, त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोनेक इंच आत, बोटभर रुंदीची एक खाच असायला हवी होती. ती नाही. ती कुणाला दिसत नाही, तिचा फोटो काढता येत नाही, आणि छज्ज्याखाली मान वाकडी करून उभा राहून वा वा म्हणणारा पाहुणा अजून जन्माला यायचाय.

त्या खाचेवाचून काय होतं ते सरळ आहे. छज्ज्यावरचं पाणी कडेवरून सगळं खाली पडत नाही. त्यातलं थोडं खालच्या अंगाला चिकटून भिंतीकडे सरकतं. खाच असली की ते तिच्या कडेला अडतं आणि थेंब होऊन गळतं. नसली की ते भिंतीला भेटतं, भिंतीवरून चौकटीत उतरतं आणि चौकट फुगते. दार लागेनासं होतं. लाखमोलाची कडी कोयंड्याच्या अलीकडे दोन सूत थांबते आणि तिथेच चार महिने लोंबकळते. श्रावणात सुतार येऊन दाराला रंधा मारतो. मार्गशीर्षात लाकूड सुकतं आणि फटीतून उंदीर सुद्धा अंग न चोरता आत येतो. मग फटीवर पट्टी, पट्टीवर पॉलिश, पॉलिशसाठी पुन्हा कडी काढायची, आणि पुन्हा त्या स्क्रूच्या खाचा! घर चार वर्षं का रखडलं, याचं उत्तर एवढ्या एका दारात आहे. बाकीच्या घरात तेच निरनिराळ्या वेषांत सापडतं. बाथरूमच्या फरश्या थेट चेट्टिनाडच्या, पण ढाळ जाळीकडे नसून दाराकडे. तुळयांना जवसाच्या तेलाचे तीन हात, पण जोत्याला लागून मातीचा वाफा करून त्यात मोगरा लावलेला, म्हणजे वाळवीला माती न सोडता थेट चौकटीपर्यंत जाता यावं अशी सोय.

यावर पहिला आक्षेप खुद्द गृहस्थांचाच: ‘अहो, मिस्त्रीच मिळत नाहीत.’ यात तथ्य आहे. आषाढ लागला की गडी भाताच्या लावणीला जातात, आणि या घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने बाहेरचं काम होतच नाही. पण उरलेले आठ महिने तर हाती असतात? शिवाय खाचेचं मिस्त्रीला माहीत नसतं असं नाही. स्लॅबच्या दिवशी त्याने विचारलेलं असतं, ‘साहेब, छज्ज्याखाली पट्टी ठेवून खाच काढू का?’ साहेब तेव्हा फोनवर बिजागरीचा भाव करत असतात. मिस्त्रीला रोजाचे पैसे मिळतात. त्याला जे सांगाल ते तो करील, दोनदा सांगाल तर दोनदा करील. त्याच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणूस जन्मात एकदा घर बांधतो, त्यात सौंदर्यदृष्टी नको का? पन्हळीखालच्या बादलीची काळजी करण्यासाठी का कुणी रानात जातं? या पक्षाकडे मोठमोठी माणसं आहेत. तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइन यांनी १९२६ ते १९२८ या काळात व्हिएन्नात बहिणीच्या घराच्या बांधकामात लक्ष घातलं, दारांच्या मुठी आणि रेडिएटर स्वतः आखले, आणि घर पुरं होत आलेलं असताना एका दालनाचं छत तीन सेंटिमीटर वर उचलायला लावलं. आमच्या गृहस्थांना ही गोष्ट सांगू नये. ते उद्याच मिस्त्रीला बोलावतील. पण सांगितलीच तर पुढचंही सांगावं. ते घर शहरातलं, पैसा बहिणीचा, आणि राहायचंही तिलाच होतं. याच विट्गेनस्टाइन यांचं स्वतःचं रानातलं लाकडी घर नॉर्वेत शोल्डनच्या तळ्याकाठी १९१४ मध्ये उभं राहिलं. पुढे महायुद्ध सुरू झालं आणि तिथे राहायला ते पहिल्यांदा गेले ते १९२१ मध्ये. म्हणजे तत्त्वज्ञाची मूठ हातात नसतानाही त्या घराला दारं लागली.

तिसरा आक्षेप वाचणाऱ्यांचा. अमेरिकन लेखक थोरो वॉल्डन तळ्याकाठी गेला तेव्हा त्याने कुठे फिनिशिंग केलं होतं? ४ जुलै १८४५ रोजी तो राहायला गेला तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता, धुराडं नव्हतं, फळ्यांमधून वारा येत होता. खरं आहे. पण त्याने जमाखर्च लिहून ठेवलाय तो नीट पाहावा. दहा फूट बाय पंधरा फुटांच्या त्या घराला एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट लागले. त्यात एक हजार जुन्या विटांचे चार डॉलर, चुन्याचे दोन डॉलर ४० सेंट, बिजागऱ्या-स्क्रूंचे १४ सेंट आणि दाराच्या कडीचे १० सेंट. गारठा पडायच्या आत धुराडं झालं, आणि पाणी गोठवणारी थंडी पडल्यावर गिलावाही झाला. हवा ज्या क्रमाने दार ठोठावणार होती, त्याच क्रमाने त्याने काम उरकलं, आणि कडीवर दहा सेंटांपलीकडे जीव टाकला नाही. आपल्याकडे वारा पुढे आणि पाऊस मागे असा क्रम नाही; इथे पहिल्या जूनपासूनच दोघे हातात हात घालून येतात.

मग जुन्या लोकांची घरं पुरी होत होती का, असं कुणी विचारील. होत नव्हती. ताम्हिणी उतरून खाली कोकणात गेलात तर दिसेल, की कौलं दर उन्हाळ्यात परतायचीच, पश्चिमेच्या अंगाला माडाच्या चुडतांचे झाप पावसाआधी बांधायचे आणि दसऱ्याला सोडायचे, जमीन सणावाराला सारवायचीच. काम त्यांचंही संपत नसे, पण ते पंचांगाप्रमाणे येई आणि जाई, आणि त्यात राहणं थांबत नसे. झापाचं टोक वाकडं आहे म्हणून कुणी गणपती पुढच्या वर्षावर ढकलला नाही. आमच्या गृहस्थांना सुंदर घर नको असं मी म्हणत नाही. पाण्याची, मातीची आणि उंदराची कामं आधी उरकून मग खुशाल स्क्रूच्या खाचा जुळवाव्यात. रानात कराव्यात अशा करमणुकी तशाही फार नसतात.

तेव्हा वाचकहो, असं ‘जवळजवळ झालेलं’ घर पाहायला या जुलैत बोलावणं आलं तर अवश्य जा. कडीचं कौतुक तोंडभरून करा, ते त्यांचं हक्काचं आहे. पण आत शिरण्याआधी छज्ज्याखाली उभे राहून एकदा वर पाहा, आणि खाच दिसली नाही तर अंथरूण पूर्वेकडच्या खोलीत मागा.