डावं-उजवं

काट्या-चमच्यांच्या इंग्रजी शिस्तीला हसणाऱ्यांनी सातारा-सांगलीकडची जुनी लग्नाची पंगत आठवावी. पानाच्या वरच्या टोकाला मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं; उजवीकडे भाजी, आमटी. लोणचं उजवीकडे पडलं, की वाढप्याच्या खानदानाची चौकशी सुरू. आधी वरणभात, मग मसालेभात, जिलबी, शेवटी ताकभात. साहेब गोड शेवटी खातो. आपल्याकडे ते मधेच यायचं आणि ‘नको’ म्हटलं की दुप्पट यायचं. श्लोकाआधी घास नाही, शेजाऱ्याआधी उठणं नाही.

आता कराड ते मिरज कुठल्याही मंगल कार्यालयात शिरा. दारातच पाणीपुरी, पुढे मंचुरियन, त्यानंतर भूक लागावी म्हणून सूप! ताटात गुलाबजाम पनीरच्या रश्श्यात पोहतोय, आणि ताकभात मागणाऱ्याकडे लोक काळजीने बघतात. डावं-उजवं तेवढं टिकलंय: डाव्या हातात ताट, उजव्यात मोबाइल.

यजमान स्टेजवर फोटोंत अडकलेले. पाहुण्यांजवळ येऊन निरखून पाहतो तो केटररचा माणूस. आग्रहासाठी नव्हे, ताटं मोजायला.