पट्टी मारून देतो

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडात घर नवं करायचं म्हणजे बैठक नवी करायची. पाहुणा तिथंच बसतो, म्हणून चकाचक व्हिट्रिफाइड टाइल्स तिथं. सैपाकघरात आजोबांच्या काळची शहाबादी तशीच. बैठकीतली जुनी फरशी उखडायचा खर्च नको, म्हणून टाइल तिच्यावरच चढते. टाइल आणि खालचा माल मिळून दारात दोन बोटं उंचवटा उभा राहतो. मिस्त्रीला विचारा. "काही होत नाही भाऊ, ग्रॅनाइटची पट्टी मारून देतो!" पट्टी बसते, तीही टाइलपेक्षा वर. फटीत व्हाइट सिमेंट. ते दिवाळीआधीच सुटतं आणि मुंग्या राहायला येतात.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्या हद्दीवर अजून कुणाला ठेच लागलेली नाही. बैठक-सैपाकघराची हद्द मात्र आजीचा अंगठा रोज मोजतो.

इलाज साधा आहे: माल कालवण्याआधी पाण्याच्या नळीनं दोन्हीकडची लेव्हल पाहावी, जोड बंद कवाडाच्या बरोबर खाली घ्यावा, फरक उरलाच तर उतरती पट्टी बसवावी. पण पाहुण्याला लेव्हल दिसत नाही, चमक दिसते; आणि आपण घर बांधतो ते पाहुण्यासाठीच.